जन्मसालाने वय कळते, पिढी नाही

जन्मसाल विचारायचे, चालू सालातून ते वजा करायचे, आलेल्या वयावरून एका तक्त्यात बोट फिरवायचे आणि समोरच्या माणसाला 'बूमर', 'जेन एक्स', 'मिलेनियल' किंवा 'जेन झी' यांपैकी एक नाव देऊन मोकळे व्हायचे. ही रीत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग नव्या भरतीबद्दल याच भाषेत बोलतात. जाहिरातदार गिऱ्हाइकांची विभागणी याच खणांत करतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या घरातल्या कुरबुरींपासून मतदारांच्या कलापर्यंत सगळ्याचा उलगडा याच तक्त्यातून करतात.

माझे म्हणणे असे, की या रीतीत दोन अगदी वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेले आहेत. वय हा हिशेबाचा प्रश्न आहे. जन्मतारीख खरी असेल, तर त्याचे उत्तर वजाबाकीने मिळते. पिढी हा इतिहासाचा प्रश्न आहे. एखादी मोठी घटना माणसाच्या कोणत्या वयात घडली, ती त्याच्यापर्यंत कोणत्या ठिकाणी पोहोचली आणि त्या वेळी समाजातले त्याचे स्थान काय होते, या तिन्हींची सांगड घातल्याशिवाय त्याची पिढी सांगता येत नाही. जन्मसाल यांतल्या फक्त पहिल्या बाबीबद्दल काही सांगते. उरलेल्या दोन गाळल्या, की जात, वर्ग, स्त्री-पुरुष भेद आणि प्रदेश हे सारे नजरेआड होते. म्हणून या तक्त्याला नुसते ढोबळ म्हणून सोडून देता येणार नाही. तो दिशाभूल करतो.

१. वजाबाकीचीही दोन उत्तरे

आधी सोपा वाटणारा भाग पाहू. २००० साली जन्मलेल्या माणसाचे १ जुलै २०२४ रोजी वय किती? वाढदिवस होऊन गेला असेल तर २४, नसेल तर २३. नुसते साल हाती असेल तर उत्तर नेहमी दोन आकड्यांपैकी एक असते. शिवाय वय मोजण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. आपल्या घरांत 'सोळावे लागले' असे म्हणतात तेव्हा पंधरा पूर्ण झालेली असतात. शाळेच्या अर्जावर मात्र पूर्ण झालेली वर्षे लिहावी लागतात. दक्षिण कोरियात जन्मताच मूल एक वर्षाचे धरण्याची रूढी होती. तिथल्या सरकारी आणि कायदेशीर कामकाजात पूर्ण झालेल्या वर्षांची पद्धत एकसारखी लागू झाली ती जून २०२३ मध्ये. कायदाही आपल्या सोयीने रेषा आखतो. सरकारी सेवेत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीच निवृत्त होतो.

थोडक्यात, वय हाही संकेतांवर उभा असलेला आकडा आहे. तरी संकेत एकदा ठरला की हिशेब पक्का होतो. खरी अडचण हिशेबात ज्या सालापासून सुरुवात करायची त्या सालाचीच आहे.

२. जन्मसाल लिहिले कुणी?

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून दर वर्षी ३१ मे रोजी मोठ्या संख्येने कर्मचारी निवृत्त होतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. गावोगावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून अशी लिहिली. जूनमध्ये शाळा उघडणार, मूल त्या वेळी पहिलीच्या वयाचे भरले पाहिजे आणि आईवडिलांना तारीख सांगता येत नाही, तेव्हा हा मार्ग सोयीचा होता. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, दाखल्यावरून सेवापुस्तकात गेली आणि अखेरीस निवृत्तिवेतनाच्या कागदावर उतरली. गुरुजींनी अंदाजाने फक्त दिवस आणि महिनाच भरला असे नाही. मुलाची उंची पाहून किंवा 'अमक्या दुष्काळानंतरचा' या आईच्या आठवणीवरून अनेकदा सालही त्यांनीच ठरवले.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा झाला १९६९ साली. त्याआधी जन्मलेल्यांचेच नव्हे, तर त्यानंतर कितीतरी वर्षे खेड्यांत जन्मलेल्यांचेही जन्मसाल कुणीतरी अदमासाने लिहिलेले असू शकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने जन्मदाखल्याला शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत पुरावा म्हणून मध्यवर्ती स्थान दिले, पण ते त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी. आपल्या जनगणनेत शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर माणसांची अवास्तव गर्दी दिसते. चाळीस आणि पंचेचाळीस सांगणारे भरपूर, एकेचाळीस सांगणारे थोडे. या विकृतीचे मोजमाप करण्यासाठी लोकसंख्याशास्त्रात स्वतंत्र निर्देशांक आहेत, इतकी ती ओळखीची आहे.

ही अडचण फक्त अडाणी माणसांची, असेही नाही. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचे जन्मसाल १९५० की १९५१, हा वाद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लष्कराच्याच दोन शाखांच्या नोंदींत दोन वेगळी साले होती. न्यायालयापुढचा मुद्दा त्यांचा जन्म प्रत्यक्षात कधी झाला हा राहिला नाही. सेवेच्या नोंदीत कोणती तारीख ग्राह्य धरली गेली हा राहिला. त्यांनी याचिका मागे घेतली आणि त्या वर्षी ३१ मे रोजी ते निवृत्त झाले.

ज्या समाजात सेनापतीच्या जन्मसालाबद्दलही वाद होऊ शकतो, तिथे १९८० ला एक पिढी संपली आणि १९८१ ला दुसरी सुरू झाली, असे ठामपणे सांगणे धाडसाचे आहे.

३. तक्ता कुणाच्या देशाचा?

या तक्त्याचा उगम अमेरिकेत आहे, आणि तिथे त्याच्या एका भागाला खरा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, उद्योग भरभराटीला आले आणि १९४६ पासून जन्मांची संख्या एकदम वाढली. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६४ पर्यंत दर वर्षी चाळीस लाखांहून अधिक मुले जन्मली. त्यानंतर संख्या घसरली. म्हणून १९४६ ते १९६४ हा 'बूमर' पिढीचा काळ. ही आकडेवारीत स्पष्ट दिसणारी घटना आहे.

त्यानंतरच्या नावांना असा आधार नाही. 'जनरेशन एक्स' हे नाव लोकप्रिय झाले ते १९९१ च्या एका कादंबरीमुळे. मिलेनियल म्हणजे १९८१ ते १९९६ ही आता सर्वत्र उद्धृत होणारी सीमा अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०१८ मध्ये विश्लेषणाच्या सोयीसाठी निश्चित केली. २०२१ मध्ये तिथल्या अनेक समाजशास्त्रज्ञांनी ही नावे वापरणे थांबवा, असे जाहीर पत्र लिहिले. २०२३ मध्ये प्यूनेच यापुढे ती जपून वापरण्याचे धोरण जाहीर केले. ज्यांनी तक्ता आखला त्यांचा विश्वास डळमळीत झाला असताना आपण तो डोळे झाकून वापरत आहोत.

भारतात १९४६ नंतरची वर्षे फाळणीची, स्थलांतराची आणि धान्यटंचाईची होती. आपल्याकडे लोकसंख्यावाढीचा दशवार्षिक दर सर्वाधिक राहिला तो १९६१ ते १९७१ या काळात, सुमारे २४.८ टक्के. त्यामागे अमेरिकेसारखी सुबत्ता नव्हती. मृत्युदर खाली आला आणि जन्मदर तसाच राहिला, म्हणून ही वाढ झाली. वाढीचा काळही वेगळा आणि कारणही वेगळे.

मराठी साहित्याकडे पाहिले तर विसंगती आणखी उघड होते. १९२८ ते १९४५ या काळात जन्मलेल्यांना हा तक्ता 'सायलेंट जनरेशन' म्हणतो, म्हणजे व्यवस्थेशी जुळवून घेणारी, आवाज न करणारी पिढी. विजय तेंडुलकर १९२८ चे, बाबूराव बागूल १९३० चे, भालचंद्र नेमाडे १९३८ चे. बागुलांचा पहिला कथासंग्रह आणि नेमाड्यांची पहिली कादंबरी १९६३ या एकाच सालातली. मराठी वाङ्मयाला मुळापासून हादरवणारी माणसे ज्या खणात बसतात, त्या खणाला शांतपणाचे नाव असेल, तर त्या खणाचा आपल्याला उपयोग काय?

४. पिढी घडते कशी?

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये लिहिलेल्या निबंधात केला. त्याने तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. एका काळात, एका समाजात जन्मणे ही पहिली. तिच्यामुळे पिढी होण्याची फक्त शक्यता निर्माण होते. एकाच उलथापालथीत प्रत्यक्ष ओढले जाणे ही दुसरी. दूरच्या खेड्यातला शेतकरी आणि त्याच काळात शहरी चळवळीत उतरलेला तरुण समवयस्क असले, तरी या अर्थाने एका पिढीचे होत नाहीत. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. एकाच उलथापालथीत सापडलेले लोकही परस्परविरोधी गटांत विभागले जातात, कारण तीच घटना ते वेगवेगळ्या बाजूंनी अनुभवतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या इतिहासावर ही मांडणी ताडून पाहता येते.

वय. १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांचे असलेल्या मुलाने आईवडिलांना दुष्काळी कामावर खडी फोडताना पाहिले, सुकडी खाल्ली, मिलोची भाकरी खाल्ली. तोच दुष्काळ तिशीतल्या माणसाने कुटुंबप्रमुख म्हणून निभावला. त्याच्यासाठी तो विकलेल्या गुरांचा आणि काढलेल्या कर्जाचा काळ होता. घटना एकच, पण वयाप्रमाणे तिचा ठसा वेगळा. इथे जन्मसाल नक्कीच उपयोगी पडते, परंतु घटनेच्या संदर्भात. एरवी ते मुके असते.

ठिकाण. १९४६ आणि १९६० मध्ये जन्मलेले दोन गोमंतकीय घ्या. तक्त्यानुसार दोघेही बूमर. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा पहिला पंधरा वर्षांचा होता. त्याचे बालपण पोर्तुगीज राजवटीत गेले; तो शाळेत गेला असेल तर एका राज्यव्यवस्थेत शिकू लागला आणि दुसऱ्या व्यवस्थेत त्याला नोकरी शोधावी लागली. दुसरा त्या दिवशी जेमतेम वर्षाचा होता; भारतीय शाळेखेरीज त्याने दुसरी शाळा पाहिलीच नाही. या दोघांमध्ये एक आख्खी राजवट उभी आहे. मराठवाड्यात हीच रेषा १७ सप्टेंबर १९४८ ला पडते. निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून शिकलेला औरंगाबादचा विद्यार्थी आणि त्याच सालात जन्मून पुण्यात मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी यांना एका पिढीचे म्हणण्याआधी थांबून विचार करायला हवा.

बाजू. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. १९६० मध्ये जन्मलेल्या मराठवाड्यातल्या दोन तरुणांपैकी एकाने ही सोळा वर्षे मोर्च्यात आणि तुरुंगात काढली असतील. दुसरा त्याच गावात नामांतरविरोधी जमावात उभा असेल. वय एक, गाव एक, घटना एक. तरी एकाच्या आयुष्याचा अर्थ दुसऱ्याच्या अगदी उलट आहे. जन्मसालाचा तक्ता या दोघांत फरक करूच शकत नाही. तक्त्याविरुद्धचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. समाजातला संघर्ष पुसून तो सगळ्यांना समवयस्क मित्र बनवतो.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाचेही तेच. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. लालबाग-परळच्या चाळीत सोळा वर्षांचा असलेल्या मुलाची शाळा, घराचे उत्पन्न आणि वडिलांचा मान हे सारे त्या संपाने एकाच वेळी हिरावले. मुंबईतल्याच एखाद्या बँक अधिकाऱ्याच्या घरात सोळा वर्षांच्या मुलासाठी संप ही वर्तमानपत्रातली बातमी होती. पुढे १९९१ च्या आर्थिक सुधारणा आल्या तेव्हा दोघेही पंचविशीचे होते. एकाला त्यात दार उघडलेले दिसले, दुसऱ्याला गिरणीचे दार कायमचे बंद झालेले दिसले.

५. एकाच सालात दोन गती

पिढ्यांमधले अंतरही सगळीकडे सारखे नसते. अठराव्या वर्षाआधी लग्न होणाऱ्या मुलींच्या घराण्यात साठ वर्षांत आई, मुलगी, नात आणि पणती अशी साखळी सहज उभी राहते. शिकून तिशीत आई होणाऱ्या स्त्रियांच्या घरात त्याच साठ वर्षांत फक्त आई, मुलगी आणि नात असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे १९९८ मध्ये जन्मलेल्या दोन मुलींपैकी एक आज दोन मुलांची आई असेल आणि दुसरी पीएच.डी. करत असेल. दोघींना 'जेन झी' म्हणून त्यांच्या 'सवयीं'वर लेख लिहिणारा लेखक प्रत्यक्षात दुसरीबद्दलच लिहीत असतो. पहिली त्याच्या लेखात नसतेच.

भविष्याची रेषाही जन्मसालाला विचारून आखली जात नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून शासकीय सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली. एकाच सालात जन्मलेल्या, एकाच शाळेत शिकवणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाची नेमणूक ऑक्टोबरमधली आणि दुसऱ्याची नोव्हेंबरमधली असली, तर त्या नियमाने त्यांच्या म्हातारपणात जमीन-अस्मानाचा फरक पडत होता. मार्च २०२३ मधला राज्यव्यापी संप याच रेषेवरून झाला. ही एक खरीखुरी पिढी आहे. तिला समान अनुभव आहे, समान गाऱ्हाणे आहे, समान घोषणा आहे. तिला जन्म दिला तो नेमणुकीच्या तारखेने.

६. 'ही पिढीच अशी' यातला तर्कदोष

'आजची पिढी नोकरीत टिकत नाही' हे विधान रोज ऐकू येते. त्याची तीन कारणे असू शकतात. पंचविशीतले लोक सर्वच काळात नोकऱ्या अधिक बदलतात. हा वयाचा परिणाम. सध्या कंत्राटी नोकऱ्या वाढल्याने सर्वच वयाचे लोक नोकऱ्या बदलतात. हा काळाचा परिणाम. किंवा या सालांत जन्मलेल्यांची वृत्ती खरोखर वेगळी आहे आणि ती पन्नाशीतही तशीच राहील. हा पिढीचा परिणाम. आता गणिती पेच असा, की वय, चालू साल आणि जन्मसाल यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी कळल्या की तिसरी आपोआप ठरते, कारण चालू सालातून वय वजा केले की जन्मसाल येते. त्यामुळे एका वर्षीच्या पाहणीवरून तिसरे कारण खरे असे म्हणताच येत नाही. अनेक वर्षांच्या पाहण्या हाती असल्या, तरी वेगळे गृहीतक धरल्याशिवाय तिन्ही परिणाम सुटे करता येत नाहीत. संख्याशास्त्रात हा पेच जुना आणि सर्वमान्य आहे. तरीही आपण सरसकट पिढीला दोष देतो, कारण तसे केले की कंत्राटी व्यवस्थेबद्दल बोलावे लागत नाही.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: ढोबळ नावे सोयीची असतात, त्यांना इतके गंभीरपणे का घ्यावे? घ्यावे लागते, कारण त्यांवर निर्णय होतात. कुणाला नोकरी द्यायची, कुणाला 'तंत्रज्ञान जमणार नाही' म्हणून डावलायचे, तरुण मतदारांपुढे कोणता प्रश्न मांडायचा, हे सारे या नावांच्या आधारे ठरू लागले की ती निरुपद्रवी राहत नाहीत.

दुसरा आक्षेप: मोबाइल आणि इंटरनेटने सगळीकडचे तरुण एकसारखे केले आहेत, निदान आजच्या पिढीला तरी तक्ता लागू पडतो. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३३ टक्क्यांनी आणि पुरुषांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले असणारच. पण ज्या वर्षांत शाळा मोबाइलवर गेली, नेमक्या त्या वर्षांत ही दरी होती. २०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द झाली. ज्या घरात स्वतंत्र फोन होता तिथल्या मुलांचे एक वर्ष विस्कटले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो कामावर जाणाऱ्या बापाकडे होता, तिथल्या कित्येक मुलांची शाळाच सुटली. साथ सर्वांना आली, म्हणून तिने सर्वांची एक पिढी केली असे होत नाही.

तिसरा आक्षेप: जन्मसाल टाकून दिले तर लोकसंख्येचा अभ्यास आणि नियोजन कसे करायचे? ते टाकून द्यावे असे मी म्हणतच नाही. पहिलीच्या किती जागा लागतील, लसी किती लागतील, वृद्धांसाठी किती तरतूद हवी, हे ठरवायला जन्मसालाचे गट अत्यावश्यक आहेत. कायद्याच्या रेषाही त्यावरच पडतात. २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले, तेव्हा लागोपाठच्या सालांत जन्मलेले तरुण एकाच वेळी मतदार झाले. तिथे जन्मसालच निर्णायक होते. मात्र नियोजनकार अशा गटाच्या संख्येबद्दल बोलतो, त्याच्या स्वभावाबद्दल बोलत नाही. गफलत होते ती संख्येवरून स्वभावावर उडी मारताना.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: प्रत्येकाचे स्थान वेगळे म्हटले तर पिढी ही कल्पनाच उरत नाही. उरते, आणि अधिक टोकदार होऊन उरते. गिरणी संपाची पिढी, नामांतराची पिढी, गोवामुक्तीनंतर शाळेत गेलेली पहिली पिढी, जुनी पेन्शन गमावलेली पिढी: यांतल्या प्रत्येकीची घटना सांगता येते, प्रदेश सांगता येतो, तिच्यात कोण मोडत नाही हेही सांगता येते. ज्या कल्पनेत सगळेच बसतात तिच्यातून कोणाबद्दलच काही कळत नाही.

८. मग विचारायचे काय?

माणसाची पिढी जाणून घ्यायची असेल तर चार प्रश्न विचारावेत. तुमच्या पंधरा ते पंचवीस या वयात तुमच्या भागात कोणती मोठी घटना घडली? ती तुमच्या घरापर्यंत कशी पोहोचली, अंगावर की बातमीतून? तिच्यात तुम्ही कोणत्या बाजूला होता? आणि तिच्यामुळे तुमच्यासाठी कोणता रस्ता उघडला वा बंद झाला? या प्रश्नांची उत्तरे वजाबाकीने मिळत नाहीत, त्यासाठी ऐकावे लागते. मनुष्यबळ विभागांनी आपल्या प्रशिक्षणातून पिढ्यांचा तक्ता काढून टाकावा. वर्तमानपत्रांनी 'जेन झीला काय वाटते' हे छापण्याआधी कोणत्या जिल्ह्यातल्या, कोणत्या घरातल्या तरुणांना विचारले, ते छापावे. महाविद्यालयांतल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यातल्या पिढ्या स्वतः शोधून काढण्याचे काम द्यावे. प्रत्येक तालुक्याचा तक्ता वेगळा निघेल, आणि तो आयात केलेल्या तक्त्यापेक्षा खरा असेल.

जन्मसाल माणसाने निवडलेले नसते, आणि आपल्याकडे पुष्कळदा ते नीट नोंदलेलेही नसते. अशा एका आकड्यावरून त्याची वृत्ती, निष्ठा आणि कुवत ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्या दुष्काळातून, संपातून, दंगलीतून, कायद्यातून तो माणूस घडला, त्यांची जबाबदारीही मग कुणावरच राहत नाही. पिढ्या निसर्गनियमाने येत-जात नाहीत. त्या धोरणांनी, लढ्यांनी आणि अन्यायांनी घडवल्या जातात. म्हणून एखाद्या पिढीबद्दल तक्रार करणाऱ्याने आधी तिला घडवले कुणी, याचे उत्तर द्यावे.